सुनेची कंबर, सासूचं तोंड

कन्हेरीत कुशाबाईचा आवाज ओळखत नाही असं माणूस नाही, आणि जनावरही नाही. पहाटे ती गोठ्यात म्हशीशी बोलायला लागली की पलीकडच्या वस्तीवरचे लोक घड्याळ न बघता उठतात. म्हशीशी झालं की कोंबड्यांशी, कोंबड्यांशी झालं की नवऱ्याशी. नवरा गेणबा. त्याला गेल्या कित्येक वर्षांत उत्तर द्यायची गरज पडलेली नाही. तो तंबाखू मळतो आणि बरोबर जागा बघून मान हलवतो.

आणि अशा या कुशाबाईला सगळ्यात मोठा अभिमान कशाचा, तर आपण बाळंतपणात तोंडातून शब्द काढला नाही याचा.

"शिवम झाला तवा शेजारच्या घराला बी कळलं न्हाय," ती सांगायची. बारशाला सांगायची, हळदी-कुंकवाला सांगायची, रेशनच्या दुकानात पुढच्या बाईचं पोट जरा पुढं आलेलं दिसलं तर तिथंही सांगायची. "दात आवळलं, आन मोकळी झाले. हूं न्हाय का चूं न्हाय. आन आताच्या पोरी बघा! सुई टोचली तरी फोनवर टाकत्यात."

आता शेजारचं घर म्हणजे रोशनबीचं. तिचा नवरा फकीर पिठाची गिरण चालवतो. दोन घरांच्या मधे मेंदीचं कमरेएवढं कुंपण. कुशाबाईची ही कथा सुरू झाली की रोशनबी पदर तोंडाला लावायची. तिला पिठाचा खोकला आहे, असं कुशाबाई समजून चालली होती.

कुशाबाईची सून श्रेया इंदापूरची. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या प्लांटमध्ये तपासणीच्या कामाला. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिनं सासूच्या लाडक्या म्हशीचं दूध बाटलीतून नेऊन तपासलं आणि संध्याकाळी सरळ मनानं सांगितलं, "आई, फॅट जरा कमी आहे."

कुशाबाई त्यावर दोन दिवस आपल्याशी बोलली नाही, असं श्रेया सांगते. गेणबा म्हणतो, तसले दिवस या घरात कधी आलेच नाहीत.

तर या श्रेयाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ठरलेलंच होतं. कुशाबाईनं डिंक, खारीक सगळं बांधूनही ठेवलं. पण सातव्या महिन्यात श्रेयाची आई इंदापुरात मोरीत घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. फोनवर बिचारी रडायलाच लागली. "विहीणबाई, माझ्याच्यानं स्वतःची वेणी होईना, लेकीचं काय करू?"

"मग मी काय मेले व्हय?" कुशाबाई म्हणाली. हे तिचं धीर देणं.

बारामतीच्या ज्या दवाखान्यात श्रेयाचं नाव घातलं होतं, तिथं बाळंतपणाच्या खोलीत घरची एक बाई बरोबर राहू देत. त्यासाठी शनिवारी दुपारी तिथल्या लोणकर सिस्टर गरोदर बायकांना आणि त्यांच्या बरोबर येणारीला समोर बसवून दोन गोष्टी शिकवायच्या. कुशाबाई पहिल्या शनिवारी लग्नाला निघाल्यासारखी निघाली. इरकल नेसली, नथ घातली, आणि पुढं जाऊन बसली.

लोणकर सिस्टर बारीक अंगाच्या, पण आवाज ठणठणीत. त्यांनी श्रेयालाच पुढं घेतलं, खुर्चीवर उलटं बसवलं आणि कमरेच्या खालची जागा दाखवली. "कळ येते तेव्हा पुष्कळ जणींची कंबर धरते. बाळाचं डोकं आतून टेकतं. अशा वेळी तळहाताचा हा खालचा भाग इथं ठेवायचा, माकडहाडाच्या वर, आणि नेटानं दाबून धरायचं. कळ ओसरली की हात सैल. मग हलक्या हातानं चोळायचं. यानं कळ जात नाही, पण सोसायला सोपी जाते. आणि पोटाला हात लावायचा नाही. पोट आमच्याकडे."

"आमच्या येळंला असलं काय नव्हतं," कुशाबाईनं सुरुवात केली. "आमी आपलं दात आवळलं—"

"मावशी, दात नंतर. आधी हात आणा."

कुशाबाईनं हात आणला. जन्मभर धारा काढलेला हात तो. अंगठे असे की नारळ त्यांना घाबरावा. तिनं दाखवलेल्या जागी तळवा ठेवला आणि दाबला. श्रेया खुर्चीसकट पुढं सरकली.

"आई! मी उसाची मोळी नाही!"

बायका हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. "ताकद चांगली आहे, मावशी. फक्त तिला विचारायचं. जास्त होतंय का कमी, वर पाहिजे का खाली. ती सांगेल तसं."

"इचारायचं?" कुशाबाई म्हणाली. सुनेला काही विचारायचं असतं, ही गोष्ट तिच्या कानावर प्रथमच येत होती.

घरी आल्यावर सराव कुणावर करायचा हा प्रश्न आला. श्रेया दमून झोपली होती. शिवम ऊसतोडणीच्या यंत्रावर असायचा. कारखान्याचा हंगाम जोरात, त्यामुळं तो घरी फक्त जेवायला उगवायचा. उरला गेणबा.

"पालथं पडा," कुशाबाई म्हणाली.

"का?" गेणबानं विचारलं. बऱ्याच वर्षांनी त्यानं कशाचं तरी कारण विचारलं होतं.

"पडा म्हनलं ना."

तो देवाचं नाव घेऊन पडला. गेणबाची कंबर तरुणपणी खताची पोती उचलून कायमची धरलेली होती. दाब पडला तसा तो आधी कण्हला, मग गप्प झाला, आणि मग हळूच म्हणाला, "जरा उजवीकडं घे."

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला तो आपण होऊन ओसरीवर वाकळ टाकायचा आणि पालथा पडून राहायचा. कुशाबाई धारा काढून यायची, खोबरेल हाताला लावायची आणि कामाला लागायची. "जास्त व्हतंय का कमी? वर का खाली?" सिस्टरनी सांगितलेलं ती शाळेतल्या पोरीसारखं घोकायची. गेणबा डोळे मिटून "आई गंऽऽ, व्हय, तितंच, तितंच," असं विव्हळायचा.

एकदा कुंपणापलीकडून रोशनबीचा आवाज आला. "गेणबाभाऊ, कितवा म्हैना?"

गेणबानं वाकळ डोक्यावर ओढून घेतली. तरी उठला नाही तो.

आठवा संपता संपता श्रेयाचीही कंबर दुखायला लागली, तेव्हा मात्र गेणबाचा नंबर मागं गेला. संध्याकाळी श्रेया कुशीवर व्हायची आणि कुशाबाई तिच्या मागं बसायची. सुरुवातीला दोघी अवघडून असायच्या. दोन वर्षं एका घरात राहून कुशाबाईनं सुनेच्या अंगाला हात लावला होता तो ओटी भरताना आणि दृष्ट काढताना. आता रोज तळव्याखाली तिची कंबर यायची. कुठं गाठ धरली आहे, कुठं नुसता हात ठेवला तरी बरं वाटतं, हे कुशाबाईला न विचारता कळायला लागलं. पण ती विचारायची. विचारण्याची तिला गंमतच वाटायला लागली होती.

"वर का खाली?"

"थोडं खाली, आई."

"हितं?"

"हं."

मग कुशाबाई आपलं सुरू करायची. म्हशीचं, भावकीचं, कोऱ्हाळ्याच्या आपल्या माहेरचं. श्रेया मधेच झोपून जायची. कुशाबाईला ते कळायचं ते बऱ्याच उशिरा, भावकीतल्या मुद्द्यावर सुनेचं मत विचारल्यावर.

माघ महिन्यात एका सकाळी, कुशाबाई भाकरी थापत असताना, श्रेया स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला वाटतं सुरू झालंय."

कुशाबाईनं परात बाजूला सारली. पिठाच्या हातानंच तिनं कुंपणाशी जाऊन हाक मारली. रोशनबीचा मुलगा इरफान गाडी काढेपर्यंत तिनं चार जणींना सांगून घेतलं की घाबरायचं काही कारण नाही, आणि सांगता सांगता स्वतःची चप्पल विसरली. शिवमला फोन लागला. तो कोऱ्हाळ्याच्या शिवारात होता, यंत्र दुसऱ्याच्या हातात देऊन येतो म्हणाला. गाडीत पुढं गेणबा, मागं श्रेया, तिच्या एका बाजूला कुशाबाई, दुसऱ्या बाजूला रोशनबी. फकीर गिरण बंद करून मोटरसायकलीवर मागून निघाला.

दवाखान्यात तपासणी झाली. वेळ आहे, पण सगळं नीट आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. लोणकर सिस्टर ड्युटीवर होत्याच. बाकीच्यांना बाहेरच्या बाकावर बसवून कुशाबाई आत गेली. तिला वर घालायला हिरवा गाऊन दिला होता. तो तिनं आधी उलटा घातला, मग सुलटा घातला आणि या कापडाला इस्त्री नाही म्हणून सिस्टरांना सांगितलं.

श्रेया खोलीत हळूहळू येरझाऱ्या घालत होती. कळ आली की खाटेच्या कठड्याला धरून वाकायची. कुशाबाई मागं उभी राहून तळवा टेकवायची आणि जोर द्यायची. आणि तोंडही चालू होतं.

"अशीच कळ मला यायची बघ शिवमच्या येळंला. पर मी काय केलं, दात आवळलं. तुझ्या मामंजींस्नी इचार, ते व्हते दारात. आन तवा ऊन असं व्हतं—"

"आई."

"काय गं?"

"बोलू नका. नुसतं दाबा."

कुशाबाईला वाटलं आपण चुकून ऐकलं. तिनं सिस्टरांकडं पाहिलं. सिस्टर ट्रेमधलं काहीतरी फार बारकाईनं लावत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

"म्हंजे, गप ऱ्हायचं?"

"हो."

"किती येळ?"

श्रेयाला पुढची कळ आली. उत्तर मिळालं नाही. कुशाबाईनं तोंड मिटलं आणि तळवा टेकवला.

मग जे झालं ते कन्हेरीतल्या कुणालाही सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. कुशाबाई गप्प राहिली. दहाचं ऊन खिडकीतून खाली सरकत दुपारचं झालं आणि ती गप्प राहिली. शब्द ओठापर्यंत यायचे, तिथंच घुटमळायचे, आणि ती ते गिळायची. बोलणं बंद झालं तशी तिला दुसऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. कळ यायच्या आधी श्रेयाचे खांदे वर चढतात. पाय किंचित आत वळतात. मग कुशाबाई तिच्या सांगण्याची वाट बघेना. खांदे चढले की तळवा जागेवर असायचा. कधी श्रेया मागं हात घालून तिचा हात बोटभर खाली सरकवायची. कधी दोन्ही बाजूंनी कंबर दाबून धरायला लावायची. कळ उतरली की कुशाबाई तेलाच्या हातानं पाठीवरून खालपर्यंत उतरायची, सावकाश, म्हशीला पान्हा येण्याआधी हात फिरवावा तसं. मनगट भरून आलं, अंगठा ठणकायला लागला. तिनं हात बदलला, पण काढला नाही.

गप्प राहिल्यामुळं तिला आणखी एक गोष्ट ऐकू आली, ती म्हणजे श्रेयाचं गप्प राहणं.

कळा आता जवळजवळ यायला लागल्या होत्या. पोरीचा चेहरा लालबुंद व्हायचा, मानेच्या शिरा ताठायच्या, खालच्या ओठावर दात रुतायचे, पण तोंडातून आवाज नाही. सिस्टर म्हणाल्या, "श्वास सोड, श्रेया. अडवून धरू नकोस. ओरडावंसं वाटलं तर ओरड." श्रेयानं मान हलवली आणि पुढच्या कळेला पुन्हा ओठ चावला.

ती हे कुणाकडून शिकली, हे कळायला कुशाबाईला फार डोकं लागलं नाही.

कळ उतरली तसं तिनं सिस्टरांकडं पाठ केली, सुनेच्या कानाशी तोंड नेलं आणि जमेल तेवढ्या बारीक आवाजात म्हणाली, "एक बोलू का? एकच."

श्रेयानं डोळे मिटूनच मान डोलावली.

"मी वरडले व्हते. शिवमच्या येळंला. लई वरडले व्हते. रोशनबीची सासू, हनीफाबी, माझी कंबर धरून बसली व्हती. तिच्या मनगटाला चावले मी. दारात खोंड बांधला व्हता, त्यो माझ्या आवाजानं बुजला आन दावं तोडून पळाला. तुझं मामंजी त्याच्या मागं. शिवम झाला तवा ते दोन शेतं पल्याड व्हते. तवा तू वरड बाई. पायजे तितकी वरड."

आपण केवढी गोष्ट हातातून सोडली, हे कुशाबाईला बोलून झाल्यावर कळलं. श्रेयानं एक डोळा उघडला.

"माहितीये मला," ती धापा टाकत म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात रोशनचाचींनी सांगितलंय. सगळ्यांना माहितीये, आई. हनीफाबी बाहेर कुत्रं चावलं म्हणून सांगायच्या, तेपण माहितीये."

इतकी वर्षं बारशांना माना हलवणाऱ्या सगळ्या बायका कुशाबाईच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेल्या. रोशनबीचा खोकलाही तिच्या नीट लक्षात आला.

"मग तू का गं तोंड बांधून घेतलंस?"

"तुम्ही उद्या गावभर सांगाल. सून किती ओरडली ते."

सिस्टर आता उघड हसत होत्या. कुशाबाईनं तेलाचा हात गाऊनला पुसला. मग म्हणाली, "न्हाय सांगनार. म्हशीची आन."

"कुठल्या म्हशीची?" श्रेयानं विचारलं. तिलाही सासू आता ओळखीची झाली होती.

"फॅट कमी असलेल्या," कुशाबाई म्हणाली.

श्रेयाला हसू फुटलं, आणि हसता हसताच कळ आली, आणि हसण्यातूनच जो आवाज निघाला तो बाहेरच्या बाकापर्यंत गेला. फकीर आणि गेणबा दोघेही उभे राहिले. शिवम त्याच वेळी जिना चढत होता. तो जागीच थांबला, आणि रोशनबीनं त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं. "बस. आता व्हतंय बघ," ती म्हणाली.

आत कुशाबाई दोन्ही तळव्यांनी सुनेची कंबर धरून उभी होती. श्रेया ओरडत होती, श्वास सोडत होती, आणि मधल्या वेळात डोकं मागं सासूच्या खांद्यावर टाकत होती. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई आल्या, श्रेयाला खाटेवर घेतलं, आणि कुशाबाईच्या हातांचं काम संपलं. मग ती नुसती उशाशी राहिली आणि सुनेनं धरलेली बोटं सोडवून न घेता उभी राहिली.

मुलगी झाली. काळ्याभोर केसांची, आल्या आल्या खोली दणाणून सोडणारी.

"माझ्यावर गेलीया," कुशाबाई म्हणाली. सुनेनं गप्प केल्यापासून मोठ्यानं बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी कुशाबाईचं मनगट सुजलं आणि अंगठा वाकेना. लोणकर सिस्टरांनी पट्टी बांधली आणि आठवडाभर धार काढायची नाही म्हणून बजावलं. इंदापूरहून श्रेयाची आई अजून प्लास्टर न उतरलेला हात गळ्यात अडकवून नातीला बघायला आली, तेव्हा दोन विहिणींत मिळून धड असे दोनच हात होते. एकीनं बाळाचं डोकं सांभाळलं, दुसरीनं पाय, आणि शिवमनं मधे झबलं घातलं. दोघींनीही त्याला झबलं कसं घालायचं ते एकाच वेळी आणि वेगवेगळं सांगितलं.

गोठ्याचं काम गेणबाकडं आलं. म्हैस त्याला पान्हा सोडेना. तिला धारेच्या वेळी बोलणं ऐकायची सवय होती. शेवटी गेणबाला बोलावं लागलं. तो काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. कुंपणाशी उभी राहून रोशनबीनं बरंच ऐकायचा प्रयत्न केला. दूध मात्र निम्मंच आलं.

कुशाबाईनं म्हशीची आण पाळली. श्रेया किती ओरडली, याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. त्याऐवजी ती आता तळव्याबद्दल बोलते. पुढच्या बाईचं पोट जरा पुढं आलेलं दिसलं की तिला वळवून कमरेची जागा दाखवते. "हितं. माकडहाडाच्या वर. आन पोटाला हात लावायचा न्हाय, पोट त्यांच्याकडं. आन इचारायचं, वर का खाली." कन्हेरीतल्या दोन घरांनी खरंच तिला बरोबर नेलं. एका घरानं नंतर पेढे दिले, दुसऱ्यानं साडी. साडीचा रंग कुशाबाईला आवडला नाही, पण ती नेसते.

मग यंदा इरफानच्या बायकोची, तमन्नाची वेळ आली. रोशनबीला रक्त बघितलं की चक्कर येते, म्हणून तिनं कुशाबाईलाच आत जायची गळ घातली. कुशाबाई तेलाची बाटली घेऊन, मोठ्या तयारीनं आत गेली. तमन्नाला कळ आली. कुशाबाईनं तळवा टेकवला.

"नको चाची," तमन्ना म्हणाली. "हात नका लावू."

"अगं, जरा खाली घेते."

"नको! कुठंच नको!"

कुशाबाईनं हात मागं घेतला. तिनं सिस्टरांकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "काही जणींना स्पर्शच नको वाटतो मावशी. तिला नको तर नको." तमन्ना खिडकीचे गज धरून, पायांवर झुलत, आपल्याच तंद्रीत कळा काढत होती आणि तिला ते बरं पडत होतं. तिला फक्त सासू जवळ हवी होती. नुसती बसायला.

म्हणून कुशाबाई बाहेर आली आणि रोशनबीला आत पाठवलं. "खाली मान घालून बस. तिच्या तोंडाकडं बघ, बाकी कुठं बघू नगं," असं तिला चारदा सांगितलं. मग ती बाकावर फकीरशेजारी बसली. चहा आला तो तिनं न बोलता प्यायला. कप संपेपर्यंत तिला राग होता.

"पर येक हाय फकीरभाऊ," कप खाली ठेवत ती म्हणाली, "बाई बाईची कंबर येगळी."

फकीरनं मान हलवली. तो गेणबाशेजारी इतकी वर्षं राहिला होता.

दुपारी तमन्नाला मुलगा झाला. रोशनबी चक्कर न येता बाहेर आली, हा सगळ्यांना दुसरा आनंद. कुशाबाईनं पोराला उजेडात धरलं, त्याचे तळपाय बघितले, कान बघितले आणि "गिरणवाल्यावर गेलाय, पिठागत गोरा हाय," असं जाहीर केलं. मग तेलाची बाटली पिशवीत घातली, इरफानच्या गाडीत पुढं बसली, आणि खड्डा कुठं आहे, ट्रॅक्टर कसा ओलांडायचा, हे त्याला सांगत सांगत कन्हेरीपर्यंत आली.